आयात-निर्यातीची ‘एक खिडकी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयातदार-निर्यातदार, त्यांचे कस्टम ब्रोकर (त्यांच्या वतीने सीमाशुल्क खात्यातलं, म्हणजे कस्टम्समधलं काम पाहणारे) आणि ‘एक खिडकी’ प्रणालींचं नियोजन करणारे अधिकारी या तिघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः न्हावा शेवा बंदराभोवतीची आहेत, कारण महाराष्ट्राचा कंटेनरने होणारा बराचसा व्यापार तिथूनच चालतो. दुसऱ्या देशांचे अनुभव जिथे खरोखर काही शिकवतात, तिथेच घेतले आहेत.

एक खिडकी म्हणजे एखादं सरकारी पोर्टल का?

पोर्टल हा तिचा दर्शनी भाग झाला. मूळ कल्पना अशी की व्यापाऱ्याने एखादी माहिती सरकारला एकदाच द्यायची आणि ज्या ज्या खात्यांना ती हवी असेल त्यांनी ती आपापसात घ्यायची. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली व्यापार सुलभ करण्याचं काम करणाऱ्या यूएन/सीफॅक्ट या संस्थेची तेहतिसावी शिफारस या विषयाचा पाया मानली जाते. तीही हेच सांगते: प्रवेशाचं ठिकाण एक, माहिती प्रमाणित स्वरूपात, आणि ती इलेक्ट्रॉनिक असेल तर प्रत्येक बाब एकदाच.

या कसोटीला बऱ्याच ‘एक खिडक्या’ उतरत नाहीत. पाच खात्यांचे पाच दुवे एका पानावर मांडले आणि प्रत्येक दुव्यामागे वेगळं लॉगिन, वेगळा अर्ज आणि तीच माहिती पुन्हा भरायची असेल, तर खिडक्या पाचच राहिल्या.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला. भारताने त्याला आदल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये मान्यता दिली होती. त्यातलं कलम १०.४ एक खिडकी उभारण्याचा प्रयत्न करा असं सांगतंच, शिवाय एकदा त्या मार्गाने आलेली कागदपत्रं सहभागी खात्यांनी पुन्हा मागू नयेत, असंही सांगतं. अपवाद फक्त तातडीच्या परिस्थितीचा आणि अशाच मोजक्या जाहीर कारणांचा. हे दुसरं वाक्य फारसं कुणी वाचत नाही. वाचायला हवं.

भारतात ही व्यवस्था आहे का?

आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ ही प्रणाली सुरू केली. तिचं प्रवेशद्वार म्हणजे कस्टम्सचं आइसगेट. सुरुवातीला सहा संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या: अन्न सुरक्षेचं काम पाहणारी एफएसएसएआय, प्लांट क्वारंटाइन, अ‍ॅनिमल क्वारंटाइन, ड्रग कंट्रोलर, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आणि टेक्स्टाइल कमिटी. पूर्वी या सहा संस्था आणि कस्टम्स मिळून नऊ वेगवेगळे फॉर्म भरून घेत. त्या सगळ्यांच्या जागी बिल ऑफ एन्ट्रीसोबत (आयातदार कस्टम्सकडे भरतो ती मालाची नोंद) एकच एकात्मिक घोषणापत्र आलं.

त्याच्या आगेमागे आणखी काही पावलं पडली, आणि ती या साखळीतलीच आहेत. मार्च २०१५ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने आयातीसाठी तीन आणि निर्यातीसाठी तीन एवढीच कागदपत्रं अनिवार्य ठेवली: बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल (जहाजाची किंवा विमानाची मालपावती), इनव्हॉइस-कम-पॅकिंग लिस्ट, आणि बिल ऑफ एन्ट्री किंवा निर्यातीत शिपिंग बिल. २०१८ पासून ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन सुविधेवर पूरक कागद अपलोड होऊ लागले. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आलं, म्हणजे न्हावा शेव्यात उतरलेल्या मालाचं बिल ऑफ एन्ट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो.

प्रत्यक्षात एखादा कंटेनर यातून कसा जातो?

वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधला एक व्यापारी कॅलिफोर्नियाहून कवचासकट बदाम मागवतो, असं धरू.

विक्रेत्याच्या इनव्हॉइसवर माल असतो ‘इनशेल आल्मंड्स, नॉनपरेल’, वजन पौंडांत. कस्टम्ससाठी तोच माल ०८०२ ११ या शीर्षकाखाली येतो आणि वजन किलोत लागतं. हे रूपांतर अचूक असावंच लागतं, कारण बदामावरचं सीमाशुल्क किमतीच्या टक्केवारीने न लागता वर्षानुवर्षं किलोमागे ठरावीक रुपये असं लागत आलं आहे. प्लांट क्वारंटाइनला बदामाचं वनस्पतिशास्त्रीय नाव हवं, प्रूनस डल्सिस. शिवाय माल कुठल्या देशात पिकला, धुरीकरण कधी व कशाने झालं, आयात परवान्याचा क्रमांक आणि तिकडच्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी (माल रोगकीडमुक्त असल्याचं) प्रमाणपत्रही हवं. एफएसएसएआय विचारते अन्नप्रकार, लॉट क्रमांक, पॅकिंगची तारीख, उरलेली मुदत आणि पोत्यावरचं लेबल.

गोणी एकच आणि तिची वर्णनं चार. जुन्या पद्धतीत व्यापारी ही चार वर्णनं वेगवेगळ्या ठिकाणी टाइप करायचा. एका ठिकाणी निव्वळ वजन, दुसऱ्या ठिकाणी एकूण वजन पडलं की तफावत निघायची, क्वेरी (खात्याची लेखी विचारणा) यायची आणि कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर ठेवण्याच्या आवारात, पडून राहायचा. नमुना घ्यायला दोन खात्यांची माणसं दोन वेगळ्या दिवशी आली तर कंटेनर दोनदा उघडायचा, मजुरी दोनदा द्यायची, सील दोनदा लावायचं.

स्विफ्टमध्ये ही वर्णनं एका घोषणापत्राच्या वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. मालाचं वर्गीकरण पाहून प्रणाली स्वतःच ठरवते की हे बिल कुठल्या खात्याकडे पाठवायचं. जोखीम व्यवस्थापनाच्या निकषांत माल बसला तर नमुना न घेताही तो पुढे जाऊ शकतो. खात्यांची एनओसी ऑनलाइन येते आणि मग कस्टम्सचा ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल बाहेर नेण्याची परवानगी, मिळतो.

तरी एक सांगायला हवं. एफएसएसएआय आणि प्लांट क्वारंटाइन यांच्या स्वतःच्या प्रणाली संपलेल्या नाहीत. स्विफ्टमधून अर्ज तिकडे पोचला, तरी फी भरणं, तपासणीची वेळ घेणं, राहिलेला तपशील पुरा करणं यासाठी आयातदाराला त्या खात्याच्या पोर्टलवर जावं लागत आलं आहे. आधुनिकीकरणाचं पुढचं काम नेमकं इथे आहे.

सगळं ऑनलाइन झालं, तरी माल अडकतो का?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. सीमाशुल्क मंडळ राष्ट्रीय पातळीवर टाइम रिलीज स्टडी (माल सुटायला किती वेळ लागतो याचा अभ्यास) करतं आणि ती प्रसिद्धही करतं. २०२३ च्या अभ्यासात आयात माल मोकळा व्हायला बंदरांवर सरासरी ८५ तास ४२ मिनिटं, अंतर्देशीय कंटेनर डेपोंवर ७१ तास ४६ मिनिटं आणि एअर कार्गोत ४४ तास १६ मिनिटं लागली. बंदरांसाठी व्यापार सुलभीकरणाच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचं लक्ष्य होतं ४८ तासांचं. आदल्या वर्षापेक्षा बंदरांवरचा वेळ कमी झाला, तरी लक्ष्य दूर राहिलं.

हाच अभ्यास उपायही दाखवतो. जहाज लागण्याआधी बिल ऑफ एन्ट्री भरलं, माल जोखीम निकषांत तपासणीविना सुटला आणि आयातदाराकडे एईओ दर्जा (कस्टम्स विश्वासार्ह व्यापाऱ्याला देतं तो) असला, अशी तिन्ही कारणं जिथे एकत्र आली तिथे ठरलेल्या वेळेत माल निघाला. म्हणजे प्रणाली धावू शकते. ती थांबते ती उशिरा भरलेल्या बिलापाशी, शुल्क भरायला लागलेल्या दिवसापाशी, दुसऱ्या खात्याच्या एनओसीपाशी आणि प्रयोगशाळेच्या अहवालापाशी.

शेवटच्या दोन जागा सॉफ्टवेअरने सुटत नाहीत. शनिवार-रविवारी प्रयोगशाळा बंद असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला नमुना सोमवारपर्यंत तिथेच राहणार. संगणक चोवीस तास चालतो म्हणून काम चोवीस तास होतं असं नाही. कस्टम्स दिवसरात्र आणि सहभागी खातं दहा ते सहा, अशी रचना असेल तर साखळीचा वेग त्या दहा ते सहाचाच असतो. नियोजन करणाऱ्यांनी सर्व्हरच्या क्षमतेइतकंच लक्ष मंजूर पदांकडे आणि रात्रपाळीकडे द्यायला हवं, हे मी आग्रहाने सांगतो.

नवी प्रणाली आखताना किंवा जुनी सुधारताना सुरुवात कुठून करावी?

निविदेपासून नको. सगळ्यात आधी प्रत्येक खातं सध्या काय काय मागतं ते एका तक्त्यात मांडा. प्रत्येक रकान्यासमोर तीन गोष्टी लिहा: ही माहिती कुठल्या कायद्याच्या किंवा नियमाच्या आधारे मागितली जाते, ती मिळाल्यावर कुठला निर्णय होतो, आणि ती आणखी कुणी मागतं का. ज्या रकान्यासमोर ‘पूर्वीपासून मागतो’ एवढंच उत्तर येईल, तो काढून टाका. सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच होतो. अनावश्यक अर्ज संगणकावर चढवला की तो अनावश्यकच राहतो, फक्त पुढे काढून टाकायला जास्त अवघड होतो.

त्यानंतर उरलेल्या रकान्यांची नावं, एकके आणि संकेतांक एकसारखे करायचे. बदामाच्या उदाहरणातलं निव्वळ वजन सगळ्यांसाठी एकच असलं पाहिजे, देशाचा संकेतांक एकच, मोजमापाचं एकक एकच. यासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेचं डेटा मॉडेल तयार आहे आणि यूएन/सीफॅक्टची चौतिसावी शिफारस याच कामाबद्दल आहे. पस्तिसावी कायदेशीर चौकटीबद्दल आणि छत्तिसावी खिडक्या एकमेकींना जोडण्याबद्दल. या तिन्ही वाचून मगच सल्लागार नेमावा. न वाचता नेमला, तर सल्लागार जे विकतो तेच आपल्याला हवं होतं असं वाटू लागतं.

नेतृत्व कोणाकडे असावं?

जगात वेगवेगळे प्रकार सापडतात. भारतात कस्टम्सने पुढाकार घेतला. सिंगापूरने १ जानेवारी १९८९ रोजी ट्रेडनेट सुरू केलं आणि चालवायला वेगळी कंपनी उभी केली. (त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपलं न्हावा शेवा बंदर सुरू झालं. ज्या वर्षी आपण धक्का बांधून पुरा केला, त्या वर्षी सिंगापूरमध्ये परवाने संगणकावर मिळू लागले होते.) पाकिस्तानने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करून पाकिस्तान सिंगल विंडो नावाची कंपनीच त्यासाठी ठेवली.

कस्टम्सकडे नेतृत्व असण्याचा फायदा उघड आहे: सगळा माल शेवटी त्यांच्याच हातून जातो, संगणकीकरण त्यांचंच पुढे असतं. तोटा असा की बाकी खात्यांना ही ‘त्यांची’ प्रणाली वाटते. एका खात्याचा सचिव दुसऱ्या खात्याच्या सचिवाला हुकूम देऊ शकत नाही. म्हणून वर कोणी तरी लागतं. भारतात ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय व्यापार सुलभीकरण समिती झाली आणि तिचं अध्यक्षपद कॅबिनेट सचिवांकडे आहे, ही रचना माझ्या मते योग्य आहे. पण समितीच्या बैठकीपेक्षा खात्याखात्यांतला लेखी करार महत्त्वाचा: कोणती माहिती कोण देणार, एनओसी किती तासांत, अधिकारी रजेवर असेल तर पर्याय कोण, उत्तर आलं नाही तर प्रकरण कोणाच्या टेबलावर जाणार. हे लिहिलेलं नसेल तर अडलेल्या कंटेनरसाठी फोनाफोनी करावी लागते, आणि फोन लावण्याइतकी ओळख प्रत्येक आयातदाराकडे नसते.

खर्च आणि वेळ किती?

देश, खात्यांची संख्या आणि जुन्या प्रणालींची अवस्था यांवर अवलंबून, त्यामुळे एक आकडा सांगणं फसवं ठरेल. एवढं मात्र खरं की मोठा देश आणि मोठा पैसा याने काम आपोआप होत नाही. ब्रिटनने २०२० च्या सीमा धोरणात सिंगल ट्रेड विंडोची घोषणा केली, २०२३ मध्ये कंत्राट दिलं आणि २०२४ च्या अखेरीस, २०२५-२६ या वर्षासाठी काम थांबवत असल्याचं सांगितलं. ज्यांना एकाच झेपेत सगळं करायचं आहे, त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं. दोन खाती घ्या, त्यांच्यात सगळ्यात जास्त येणारे दहा-बारा माल घ्या, तेवढं नीट चालवा, मग वाढवा.

जुनी प्रणाली बंद करून नवी आणावी की जुनीलाच जोडत जावं?

जिथे खात्याची स्वतःची प्रणाली बरी चालते, तिथे ती मोडू नये. तिला संदेशांद्वारे जोडावी. दोन्ही प्रणालींनी एकमेकींशी थेट बोलावं आणि व्यापाऱ्याला मध्ये निरोप्या करू नये. जिथे खात्याकडे काहीच नाही, तिथे त्या अधिकाऱ्याला मध्यवर्ती प्रणालीतच लॉगिन द्यावं. लहान खात्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर बनवणं म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची डोकेदुखी.

जुनीतून नवीत जाण्याचा दिवस ही स्वतंत्र योजना समजा. घानाने २०२० मध्ये अनेक वर्षं चाललेली प्रणाली बदलून कोरियन धाटणीची आयक्युम्स आणली. सुरुवातीच्या काळात टेमा बंदरावर माल सोडवताना व्यापाऱ्यांची तारांबळ उडाली आणि सरकारवर मोठी टीका झाली. आपल्याकडे असा बदल करायचा असेल तर जानेवारी ते एप्रिल हा काळ टाळायलाच हवा, कारण तेव्हा नाशिक, सांगली, सोलापूरची द्राक्षं रीफर (शीत) कंटेनरमधून निघालेली असतात. रीफरचा प्लग चालू राहिला तरी फळाचं वय वाढतच असतं. काही आठवडे दोन्ही प्रणाली समांतर चालवाव्या, सर्व्हर बंद पडला तर कागदावर काम कसं करायचं याचे लेखी आदेश आधीच काढून ठेवावे, आणि ते आदेश गेटवरच्या शिपायापर्यंत पोचलेले असावेत.

कंत्राटात एक कलम विसरू नका: कंत्राटदार बदलला तर माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार. हे आधी लिहून घेतलं नाही, तर नंतर सरकारच्याच माहितीसाठी सरकारला वाटाघाटी कराव्या लागतात.

निर्यातीत याचं चांगलं उदाहरण कुठलं?

आपल्याच घरचं आहे: ग्रेपनेट. युरोपात भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश सापडल्याने २००३ मध्ये मोठा धक्का बसला होता. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने २००६ मध्ये ही प्रणाली उभी केली. तिला कुणी एक खिडकी म्हणत नाही, पण एक खिडकीने जे करायला हवं ते ती करते.

बागायतदाराचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदला जातो आणि त्याला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेते. अहवाल थेट प्रणालीत जातो. पॅकहाउस, अ‍ॅगमार्क प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, सगळे त्याच क्रमांकावर काम करतात. अहवालात अंश मर्यादेबाहेर निघाले, तर त्या प्लॉटचा माल पुढच्या पायरीवर सरकतच नाही. कुणाच्या सहीने, ओळखीने, घाईने सरकत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या चाचण्यांवर देखरेख ठेवते.

यातून शिकण्यासारखं बरंच आहे. प्रणाली संगणकापासून सुरू झाली नाही, ग्राहकाच्या नेमक्या तक्रारीपासून झाली. राज्याचा कृषी अधिकारी, केंद्राची अपेडा, खासगी प्रयोगशाळा आणि निर्यातदार असे चार वेगळ्या मालकांचे लोक एकाच क्रमांकाभोवती आले. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांनाही हाच मार्ग मिळाला. मध्यवर्ती एक खिडकी आखणाऱ्यांनी एकदा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या पॅकहाउसमध्ये हंगामात दिवसभर बसावं, असं मला मनापासून वाटतं. पेटीवरचा क्रमांक प्लॉटपर्यंत मागे कसा जातो हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

छोट्या व्यापाऱ्याला याचा खरंच फायदा होतो का?

सगळ्यात जास्त त्यालाच व्हायला हवा. मोठ्या कंपनीकडे एईओ दर्जा, स्वतःची कस्टम्स टीम आणि महिन्याला शेकडो कंटेनर असतात. एकात डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार) लागलं तरी तिचं गणित बिघडत नाही. वर्षाला चार कंटेनर मागवणाऱ्याचा एक कंटेनर आठवडाभर अडला, तर ग्राउंड रेंट (जागेचं भाडं), शिपिंग लाइनचं डिटेन्शन आणि अडकलेलं भांडवल मिळून त्या मालातला नफा जातो.

पण छोट्या व्यापाऱ्यापर्यंत फायदा आपोआप पोचत नाही. अर्जाची भाषा इंग्रजी, क्वेरीची भाषा कायद्याची, मदतकेंद्राचं उत्तर एका ओळीचं. क्वेरीत नक्की काय मागितलं आहे हे मराठीत, साध्या वाक्यात समजलं तर जळगावचा केळी निर्यातदार स्वतः उत्तर देऊ शकेल. क्वेरींचे प्रकार फार नसतात. त्यांची प्रमाणित वाक्यं करून भाषांतर करणं ही काही महिन्यांची, कमी खर्चाची सुधारणा आहे, आणि ती का होऊ नये याचं मला पटणारं कारण आजवर ऐकलेलं नाही.

मग कस्टम ब्रोकरची गरज संपेल का?

नाही. वर्गीकरण, शुल्कसवलती, मुक्त व्यापार करारांचे मूळ-देशाचे (माल नेमका कुठल्या देशाचा हे ठरवणारे) नियम यात जाणकार लागतोच. फक्त कागद घेऊन टेबलांवर फिरण्याचं काम कमी होत जाईल. ज्या ब्रोकरचा धंदा त्यावरच उभा आहे, त्याने आताच वर्गीकरणाचा अभ्यास वाढवावा.

पीसीएस, युलिप, ट्रेड कनेक्ट, भारतट्रेडनेट ही सगळी काय आहेत?

नावं इतकी झाली आहेत की गोंधळ होणं साहजिक आहे. थोडक्यात: पोर्ट कम्युनिटी सिस्टिम बंदर, शिपिंग लाइन, सीएफएस यांच्यातले व्यवहार पाहते. तिची पीसीएस-१एक्स ही आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेलं युलिप वेगवेगळ्या वाहतूक प्रणालींमधली माहिती एकत्र मिळवून देतं. सप्टेंबर २०२४ मधलं ट्रेड कनेक्ट नव्या निर्यातदाराला माहिती आणि मार्गदर्शन देण्यासाठी आहे. भारतट्रेडनेटची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. व्यापाराची कागदपत्रं आणि अर्थपुरवठा एका मंचावर आणणं हा तिचा उद्देश. यांपैकी नियामक परवानग्यांची खिडकी म्हणजे स्विफ्ट.

अडचण अशी की व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे सगळं एकाच कंटेनरबद्दल आहे. कंटेनर क्रमांक त्याने कुठेही टाकला तरी पूर्ण चित्र दिसायला हवं.

दुसऱ्या देशांच्या खिडक्यांशी जोडणी होते का?

होते, पण हळूहळू. आसियान देशांनी २००५ मध्ये करार केला, आणि मूळ-देशाच्या प्रमाणपत्राची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण प्रत्यक्ष सुरू झाली १ जानेवारी २०१८ रोजी. तीही इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाम या पाच देशांत. बाकीचे नंतर आले. करारापासून पहिल्या प्रमाणपत्रापर्यंत बारा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि हे सगळे शेजारी, एकाच संघटनेतले देश आहेत. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम क्रमांक २३९९ करून सदस्य देशांच्या कस्टम्सना युरोपीय पातळीवरच्या प्रमाणपत्रांशी जोडायला सुरुवात केली.

वनस्पतींच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या सचिवालयाने ई-फायटो हब उभारलं आहे. प्रमाणपत्र कागदावर न जाता एका देशाच्या प्रणालीतून दुसऱ्या देशाच्या प्रणालीत जातं. कुरिअरने येणाऱ्या मूळ फायटोची वाट पाहत बंदरावर थांबलेला कंटेनर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. बनावट प्रमाणपत्रांनाही यामुळे चाप बसतो.

माझी व्यापारी माहिती फुटणार नाही ना?

चिंता रास्त आहे. कोणाकडून, किती आणि काय भावाने माल घेता, हे स्पर्धकाला कळलं तर नुकसान होतं. २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्यात १३५एए हे कलम आलं. आयात-निर्यातीच्या नोंदींमधली किंमत, वर्गीकरण, प्रमाण यांसारखी माहिती कायद्याची मुभा नसताना प्रसिद्ध केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रचनेच्या पातळीवर मात्र एक गोष्ट नियोजनकर्त्यांनी पाळायलाच हवी: प्रत्येक खात्याला त्याच्या निर्णयापुरतीच माहिती दिसावी. प्लांट क्वारंटाइनला बदामाची किंमत कळण्याचं कारण नाही. कोणी, कधी, कोणतं बिल उघडलं याची नोंदही राहावी.

प्रणाली सुधारली हे कशावरून ओळखायचं?

किती अर्ज ऑनलाइन आले यावरून नाही. जहाज लागल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजा, आणि सरासरीच्या जोडीला सगळ्यात रखडलेल्या दहा टक्के मालाचा वेळ वेगळा मोजा. सरासरी सुधारते तेव्हा बऱ्याचदा आधीच जलद असलेला माल आणखी जलद झालेला असतो, आणि रखडणारा तसाच रखडत राहतो. खातेनिहाय एनओसीला लागलेला वेळ दर महिन्याला जाहीर व्हावा. निर्यातीत ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ (कस्टम्सची माल निर्यात करण्याची परवानगी) मिळणं आणि माल प्रत्यक्ष जहाजावर चढणं या दोन वेगळ्या वेळा आहेत. पहिलीच मोजून समाधान मानू नये.

माझा पुढचा कंटेनर लवकर सुटावा म्हणून मी आज काय करू?

बिल ऑफ एन्ट्री जहाज यायच्या आधी भरा. समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी ते साधारणपणे आगमनाच्या आदल्या दिवसापर्यंत भरणं २०२१ पासून बंधनकारकच आहे. जवळच्या काही देशांतून येणाऱ्या मालाला सूट आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस दिवसाला ५ हजार आणि त्यानंतर दिवसाला १० हजार रुपये आकार लागतो.

माल पाठवण्याआधीच विक्रेत्याकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो आणि लेबलचा मसुदा मागवा. चारही कागदांवरचं वर्णन, निव्वळ वजन आणि लॉट क्रमांक स्वतः शेजारी ठेवून जुळवा. आयात परवान्याची मुदत तपासा. शुल्काची रक्कम तयार ठेवा. व्यवहार नियमित असतील आणि नोंदी स्वच्छ असतील तर एईओ दर्जासाठी अर्ज करा. लहान उद्योगांसाठी त्याच्या अटी सोप्या केल्या आहेत.

आणि कंटेनर अडलाच, तर क्वेरी कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला, किती वाजता टाकली आणि उत्तर केव्हा गेलं हे लिहून ठेवा. व्यापारी संघटनेमार्फत किंवा कस्टम्सच्या स्थानिक सुलभीकरण समितीच्या बैठकीत ‘खूप उशीर होतो’ असं सांगून काही होत नाही. तारीख-वेळेचा तक्ता समोर ठेवला की त्या खात्याला उत्तर द्यावं लागतं.